वारीतल्या स्वयंसेवकांसाठी संकेतस्थळ : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जुलै २०२५

११ जानेवारी, शनिवार

संस्थेच्या ऑफिसात पहिली बैठक. संस्था छोटी आहे. माउलींच्या पालखीच्या वाटेवर पुणे, वडकी, सासवड, जेजुरी आणि नीरा इथे प्रथमोपचार केंद्रं चालवते. एरवी रक्तदान शिबिरं, गणपतीत निर्माल्य गोळा करणं वगैरे चालू असतं, पण जीव सगळा वारीत.

समितीतले काका कागदावर यादी घेऊन आले होते : मुख्य पान, फोटो गॅलरी, अध्यक्षांचं मनोगत, ऑनलाइन नोंदणी, देणगीचं बटण. मनोगत आणि गॅलरी कोणीही एका दुपारी लावून देईल. मी नोंदणीचं विचारलं. गेल्या वर्षी नावं कमी आली होती का? छे, नावं भरपूर. गूगल फॉर्म भरून वाहतो. मग अडतं कुठे?

यावर काका गप्प आणि स्वयंसेवकांचं सगळं बघणाऱ्या ताई बोलल्या, "अगं, नावं ढीगभर असतात. घाटाच्या दिवशी सकाळी सहाला वडकीला कोण उभं राहणार, हे मला आदल्या रात्री अकरापर्यंत माहीत नसतं."

हेच काम. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं : आधी रिकाम्या जागा दाखवणारा स्क्रीन, फॉर्म नंतर.

देणगीचं बटण यंदा नाही. देणगी आली की आयकर सवलतीची ८०जीची पावती आली, आयकर खात्याला देणग्या कळवायचा फॉर्म १०बीडी आला. ते हिशेबनीसांचं खातं, स्वयंसेवकांच्या यादीशी त्याची गाठ मारायची नाही. काका जरा नाराज, पण मानले.

१९ जानेवारी, रविवार

ताईंची वही घरी आणली. संस्थेची खरी यंत्रणा ही वही आहे, गूगल फॉर्मची शीट नव्हे. शीटमध्ये नाव, फोन, वय, गाव. वहीत त्याच नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा. भरीव टिंब म्हणजे ठाम. पोकळ गोल म्हणजे "बघतो म्हणाला". आडवी रेघ म्हणजे फोन उचलत नाही. आणि समासात बारीक अक्षरात : "बाइक आहे", "फक्त रविवार", "आईला विचारून", "रक्त बघून चक्कर येते, पाण्याच्या टाकीवर द्यावा", "दोघी मैत्रिणी, एकत्रच येतील".

गूगल फॉर्म "हो" आणि "नाही" विचारतो. वहीत "हो"चे चार प्रकार आहेत. ताई त्या चारांवरच पाच केंद्रं चालवतात. म्हणून स्थितीच्या रकान्यात चार पर्याय ठेवले : ठाम, बहुतेक, विचारून सांगणार, संपर्क नाही. समासातल्या टिपांसाठी मोकळा रकाना, आणि तो फक्त ताईंना आणि केंद्रप्रमुखांना दिसणार. "चक्कर येते" हे त्या मुलाला स्वतःच्या पानावर वाचायला मिळालं तर पुढच्या वर्षी तो फिरकणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

डेटाबेसची कोष्टकं कागदावर मांडायला बसले आणि तारखेपाशीच अडले.

तयार सॉफ्टवेअरमध्ये पाळी म्हणजे तारीख आणि वेळ. वारीत तारीख दुय्यम असते. पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असायला हवी. मध्ये तिथीचा क्षय झाला किंवा वृद्धी झाली की एखादा मुक्काम कमीजास्त होतो. गेल्या वर्षी २९ जूनला प्रस्थान आणि १७ जुलैला एकादशी होती. लोणंदला दोन मुक्काम पडले होते. यंदा पंचांगाप्रमाणे प्रस्थान १९ जूनला, एकादशी ६ जुलैला. म्हणजे मधला एक दिवस कमी. तो कुठून कमी होणार ते देवस्थानाचं वेळापत्रक आलं की कळेल.

शिवाय संस्थेत तारखेने कोणी बोलतच नाही. "घाटाच्या दिवशी", "जेजुरीला भंडाऱ्याच्या दिवशी", "नीरा स्नानाला". काकांना विचारलं, मागच्या वर्षी तुम्ही २ जुलैला कुठे होतात? ते विचारात पडले. घाटाच्या दिवशी कुठे होतात म्हटल्यावर लगेच, "वडकीला, सकाळपासून."

तर रचना अशी : टप्पा हे मुख्य कोष्टक, क्रमाने. तारीख फक्त तिथे, एकाच रकान्यात. पाळी म्हणजे टप्पा, केंद्र आणि रथाशी नातं : रथाच्या आधी, रथाबरोबर, रथ गेल्यावर. रथापुढे २७ दिंड्या असतात, त्यांच्याही पुढे मोकळे चालणारे. वडकीच्या केंद्रावर रथ दिसायच्या कितीतरी आधी रांग लागलेली असते. म्हणून पहिली पाळी सगळ्यात मोठी. घड्याळाची वेळ त्या खाली अंदाजाने लिहायची.

आणखी एक रकाना : किती वाजता पोचलंच पाहिजे. दिवे घाट पालखीसाठी बंद झाला की सासवडच्या केंद्राची माणसं बोपदेव घाटाने वळसा घालून जातात. पाळी दहाची असली तरी कात्रज-कोंढव्याकडून निघायची वेळ वेगळी असते. नवख्या मुलांना हे कोणी सांगत नाही, ती हडपसरला बॅरिकेडपाशी उभी राहून फोन करत बसतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

साधनं ठरली : जँगो (पायथन भाषेतला, संकेतस्थळ बांधायचा सांगाडा), पोस्टग्रेस (डेटाबेस), सर्व्हरवर तयार होणारी साधी पानं. सिव्हिसीआरएम पाहिलं. बिगरसरकारी संस्थांसाठीच बनवलेलं, मुक्त, स्वयंसेवकांसाठी जोडणीही आहे. पण ते सांभाळायला एक जाणता माणूस कायम लागतो आणि इथे तो नाही. जँगोचं व्यवस्थापन-पान फुकटात मिळतं, ताईंना नव्वद टक्के कामासाठी तेवढं पुरेल. पुढच्या वर्षी मी नसले तर एखाद्या कॉलेजच्या पोराला वाचून कळेल असा कोड ठेवायचा, एवढा एकच नियम.

१६ फेब्रुवारी, रविवार

फॉर्मच्या रकान्यांवर समितीची बैठक. वेळ सगळा इथेच गेला.

प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न लावला : ही माहिती कोण बघणार आणि कधी? टी-शर्टचं माप : मेमध्ये, शिलाईवाला. राहिलं. रक्तगट : कोणीच नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "फॉर्मवर काय लिहिलंय ते बघून कुठलंही हॉस्पिटल रक्त चढवत नाही, तपासूनच देतात." गेला. शिक्षण, व्यवसाय : गेले. "वैद्यकीय प्रशिक्षण आहे का" हे मात्र राहिलं, आणि डॉक्टरांसाठी नोंदणी क्रमांक.

आधारचा फोटो अपलोड करून घ्यावा, असा एका सभासदांचा आग्रह होता. सुरक्षेसाठी. मी साफ नाही म्हटलं. पाचशे लोकांच्या आधारचे फोटो आपल्या सर्व्हरवर ठेवून सुरक्षा वाढत नाही, जोखीम वाढते. ओळखपत्र केंद्रावर डोळ्यांनी बघायचं, ठेवून घ्यायचं नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी कायदा पुढे केला : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा, नियमांचा मसुदा याच ३ जानेवारीला निघालाय. अजून पूर्ण लागू नसला तरी दिशा स्पष्ट आहे. घेतलेल्या माहितीचं कारण सांगावं लागणार, काम संपलं की पुसावी लागणार.

त्याच कायद्याने १८ वर्षांखालचं ते मूल, आणि पालकांची खातरजमा होईल अशी संमती हवी. अकरावी-बारावीची मुलं दरवर्षी येतात, चांगलं काम करतात. त्यांची नोंदणी थेट उघडायची नाही, कॉलेजच्या शिक्षकांमार्फत संमतीपत्रासह घ्यायची. फॉर्मवर जन्मतारीख नको, "१८ पूर्ण आहेत का" एवढंच. काका म्हणाले, खोटं सांगतील. सांगतील. जन्मतारीखही खोटी सांगतील.

१ मार्च, शनिवार

जुन्या याद्या. ताईंनी पेन ड्राइव्ह दिला, "यात सगळी माणसं आहेत, दहा-बारा वर्षांची." फाइल उघडली तर रोमन अक्षरं, पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक पद्धत येण्याआधीच्या, छपाईच्या (डीटीपी) फॉन्टात टाइप केलेलं. त्या फॉन्टात मराठी दिसते, पण आत साठवलेलं मराठी नसतंच. रोमन अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले.

बदलणारी स्क्रिप्ट लिहिली. एकास एक अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, जशी डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडात ती अक्षरानंतर साठवतात. रफार उलटा : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडात आधी. म्हणजे आधी बदल, मग वेलांट्या उजवीकडे ढकल, मग रफार डावीकडे ओढ, आणि जोडाक्षर असेल तर ते ओलांडून. "कीर्ती" आणि "मूर्ती" नीट आल्या तेव्हा चहा घेतला.

यातली बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढची. ताई म्हणाल्या, "राहू दे. फोन केला की कोणीतरी भाचा-पुतण्या येतो." म्हणून जुनी यादी वेगळी ठेवली, नव्या नोंदणीत मिसळली नाही. त्यांनी स्वतः पुन्हा हो म्हटलं तरच इकडे यायचं.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड, आज दुहेरी नोंदी.

एकच माणूस यादीत तीनदा येतो याची कारणं आधी शोधली. पहिलं, नाव. "शिंदे", "शिन्दे" आणि रोमनमध्ये लिहिलेले शिंदे. दुसरं जरा खोल आहे : "कुऱ्हाडे" या नावातला अर्धा र. काही फोनवर तो खालच्या टिंबाच्या ऱ-ने तयार होतो, काहींवर साध्या र-ला हलन्त लावून मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. शोधायला गेलं की सापडत नाहीत. युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही, तो नियम हाताने लिहावा लागला. कऱ्हाड, वऱ्हाडे, ऱ्हाटवळ, सगळे त्यात आले.

तिसरं कारण फोन नंबर. मराठी कीबोर्डवर लोक ९८ असं देवनागरीत टाइप करतात. ब्राउझरमध्ये लावलेली तपासणी रोमन शून्य ते नऊलाच अंक मानते, त्यामुळे फॉर्म "नंबर चुकीचा आहे" म्हणून अडवतो. सर्व्हरवरच्या पायथनचं उलटं, त्याला देवनागरी अंकही अंकच वाटतात, त्यामुळे ब्राउझरची तपासणी काढली की नंबर आरामात आत जातो आणि डेटाबेसमध्ये रोमन नंबरहून वेगळा म्हणून बसतो. दोन्हीकडून उपाय एकच : हातात आला की आधी रोमन करून घ्यायचा, मग बाकीचं. मराठी फॉर्मवर मराठी अंक टाइप करणाऱ्याला चूक दाखवणं मला पटणारं नव्हतं.

नंबर हीच ओळख धरायची असं मनात होतं, पण यादीत एकाच नंबरावर आई, मुलगा आणि मावशी आहेत. तेव्हा नंबर आणि नाव दोन्ही जुळले तर "हेच का ते?" एवढं ताईंना विचारायचं. आपोआप एकत्र करायचं नाही. ताईंना ही पोरं चेहऱ्याने माहीत आहेत, मला नाहीत.

३० मार्च, रविवार

पाडवा. समितीला नमुना दाखवला. फॉर्म आवडला, रंग आवडला नाही. भगवा गडद हवा.

१२ एप्रिल, शनिवार

एसएमएसची भानगड. व्हॉट्सॲपवर सगळे आहेत असं वाटतं, पण सासवड-जेजुरीकडच्या यादीत साधे फोनवाले पुष्कळ.

घाऊक एसएमएस पाठवायला ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव, मग प्रत्येक संदेशाचा साचा मंजूर. साच्यात बदलणारी जागा ३० अक्षरांची. आणि गेल्या १ ऑक्टोबरपासून संदेशात लिंक असेल तर तीही आधी नोंदवलेली हवी. आमचा पहिला साचा परत आला, कारण दिलं "मजकूर अस्पष्ट". मजकूर होता : उद्या आपली सेवा आहे. सेवा म्हणजे काय, हे मंजुरी देणाऱ्याला कळलं नसावं. "प्रथमोपचार केंद्रावर आपली पाळी" असं केल्यावर मंजूर.

लांबी हा दुसरा प्रश्न. रोमन संदेश १६० अक्षरांचा, देवनागरी ७० चा. त्याहून मोठा झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च. शिवाय मोजणी आपल्या डोळ्यांची नाही. "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरं दिसतात, मोजताना दहा होतात. मात्रा, हलन्त, सगळं वेगळं. काकांचा मजकूर "माउलींच्या कृपेने आपणांस कळविण्यात आनंद होतो की" इथेच ७० पैकी ४७ संपत होती. माझा मजकूर : "उद्या स. ६ वडकी केंद्र. येताय ना? कळवा", आणि मग लिंक. काका म्हणाले, फार तुटक वाटतं. ताई म्हणाल्या, "मी फोनवर असंच विचारते." विषय संपला.

२६ एप्रिल, शनिवार

देवस्थानाच्या वेळापत्रकाप्रमाणे लोणंदला यंदा एकच मुक्काम. आपली केंद्रं नीरेपर्यंतच, त्यामुळे पाळ्यांना धक्का नाही. तरी टप्प्यांच्या कोष्टकात तो दिवस काढून पाहिला. पुढच्या सगळ्या तारखा आपोआप सरकल्या. हे काम फेब्रुवारीतच केल्याचं समाधान.

आज होकाराचं पान. स्वयंसेवकाला खातं नाही, पासवर्ड नाही. प्रत्येकाला स्वतःची लिंक. उघडली की पाळी, केंद्र, कुठून यायचं, केंद्रप्रमुखांचा नंबर, आणि दोन मोठी बटणं : "नक्की येतो/येते" आणि "जमणार नाही". लिंक नुसती उघडल्याने होकार लागणार नाही, बटण दाबलं तरच. व्हॉट्सॲपसारखी ॲप्स लिंकची झलक दाखवायला स्वतःच पान उघडून बघतात. उघडण्यालाच होकार धरला तर कोणी न वाचताच यादी हिरवीगार होईल. शिवाय लोक लिंक घरच्या ग्रुपवर टाकतात, म्हणून पानावर फक्त पहिलं नाव.

"जमणार नाही" दाबल्यावर कारण विचारावं का? नाही. नाही म्हणणं जितकं सोपं, तितकं ते आधी कळतं. एका सभासदांनी सुचवलं की हो म्हणून न येणाऱ्यांना लाल शेरा द्यावा, तीन शेरे झाले की बाद. ताई हसल्या, "अहो, यंदा नाही आला म्हणून पुढच्या वर्षी बोलवायचं नाही का?" शेऱ्याचा रकाना नाही.

१० मे, शनिवार

रिकाम्या जागांचा स्क्रीन पुरा झाला. बाकी सगळं याच्यासाठी होतं.

एकच पान. डावीकडे पाच केंद्रं, वर टप्प्याच्या तीन पाळ्या, चौकोनात एक आकडा : किती कमी. किती आले हा आकडा मुद्दाम दाखवला नाही. "२२ पैकी १९" वाचून माणूस निर्धास्त होतो, "३ कमी" वाचून फोन उचलतो. ठाम तेवढेच मोजायचे, "बहुतेक" मोजायचे नाहीत.

संख्या भरली तरी चौकोन हिरवा होत नाही. प्रत्येक पाळीला किमान एक डॉक्टर किंवा नर्स, एक गाडी चालवणारा आणि एक बाई स्वयंसेवक हवीच. पायाच्या फोडांना पट्टी बांधायला म्हाताऱ्या वारकरीण बायका पोरांपुढे पाय करत नाहीत, लाजतात. ही अट डॉक्टर मॅडमनी सांगितली. माझ्या डोक्यात आली नसती.

चौकोनावर बोट ठेवलं की फोन करायची यादी उघडते. ताई ज्या क्रमाने फोन करतात त्याच क्रमाने : आधी "बहुतेक" आणि जवळ राहणारे, त्यात बाइकवाले वर, मग "विचारून सांगणार", मग त्याच टप्प्यावर मागच्या वर्षी येऊन गेलेले. नावापुढे समासातली टीप. नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो. फोन ताईच करणार. यंत्राच्या आवाजातल्या आठवणीला कोणी हो म्हणत नाही आणि ताईंना नाही म्हणायचं कोणाला जमत नाही.

२६ मे, सोमवार

आज मान्सून पुण्यात दाखल. मेमध्ये! ऑफिसातून निघता येईना, तेवढ्यात नेटशिवाय चालणाऱ्या हजेरीचं काम केलं.

लाखभर माणसं एका रस्त्यावर आली की मोबाइलला रेंज दिसते पण काहीच पुढे जात नाही. म्हणून केंद्रप्रमुखाने आदल्या रात्री हजेरीचं पान एकदा उघडायचं, यादी फोनमध्ये साठते. दुसऱ्या दिवशी नोंदी फोनमध्येच, नेट आलं की वर जातात. प्रत्येक नोंदीला फोनच स्वतःचा क्रमांक देतो. त्यामुळे तीच नोंद दोनदा गेली तरी एकच धरली जाते.

आणि तरीही कागदी यादी छापायची. ताईंची अट. मलाही मान्य.

७ जून, शनिवार

केंद्रप्रमुखांचं प्रशिक्षण. तासाभरात उरकलं. सगळ्यात जास्त प्रश्न प्रमाणपत्राचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यांना वारीचे तास लेखी हवेत. हजेरीवरून तास निघतील, केंद्रप्रमुखाच्या सहीने. कॉलेजं प्रवासाचे तास धरतात की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

एक्सेलमध्ये यादी उतरवली की मराठीचे ठोकळे होत होते. फाइलच्या सुरुवातीला मजकूर युनिकोडात आहे हे सांगणारी तीन बाइटांची खूण घातली, नीट आलं.

२१ जून, शनिवार, रात्र

पालख्या काल पुण्यात आल्या, उद्या निघणार. माउलींची सासवडकडे, तुकोबांची सोलापूर रस्त्याने.

नऊ वाजता वडकी पहिली पाळी : "४ कमी, नर्स नाही". ताई ऑफिसात, मांडीवर लॅपटॉप, हातात फोन. पहिले दोन "बहुतेक" होते, लगेच ठाम झाले. तिसऱ्याने उचललाच नाही. चौथी सासवडला लावलेली नर्स, हडपसरला राहते. तिला वडकीला घेतलं आणि सासवडच्या चौकोनात "१ कमी" उमटलं. तिथे दुपारपर्यंत वेळ आहे. साडेदहाला ताई घरी गेल्या. वडकीला एक जागा रिकामी राहिली, पण ती कोणती हे माहीत होतं.

२२ जून, रविवार, वडकी

पहाटेपासून केंद्रावर. पहिल्या तासातच दिसलेलं :

हजेरीची बटणं बारीक आहेत. नर्सच्या हातात मोजे, त्यांना स्क्रीन धड ओळखत नाही. केंद्रप्रमुखाचा अंगठा पावसाने ओला. तीन वेळा दाबल्यावर एकदा लागतं. ओळीची उंची दुप्पट हवी आणि ओळीवर कुठेही दाबलं की हजर.

"अजून वर गेली नाही" दाखवणारी पिवळी पट्टी पांढऱ्यावर दिसत नाही. लोक घाबरून पुन्हा पुन्हा नोंद करत होते. दुहेरी झाल्या नाहीत, पण पट्टी काळी-पांढरी करायची.

रिकामी जागा आपोआप भरली. एका दिंडीबरोबर चालणारे निवृत्त डॉक्टर पाणी प्यायला थांबले, रांग बघितली, पिशवी खाली ठेवून बसले. रथ जाईपर्यंत उठले नाहीत. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही आणि ॲपमध्ये यादीबाहेरच्या माणसाला जागाच नाही. कागदावर लिहिलं. "आयत्या वेळी आलेले" हे बटण आजच रात्री. त्यात नाव आणि काम, बस. फोन नंबर सक्तीचा नाही.

पिवळी पट्टी संध्याकाळी सासवडला पोचल्यावर गेली, सगळ्या नोंदी वर.

२४ जून, मंगळवार

जेजुरी. मोठी बटणं चालली. भंडारा उधळल्यावर सगळ्यांचे फोन पिवळे, स्क्रीन पुसायला गॉज वापरला जातोय म्हणून डॉक्टर मॅडम चिडल्या.

२६ जून, गुरुवार

नीरा स्नान. आपलं शेवटचं केंद्र. रिकाम्या जागांच्या पानावर सकाळी सातलाच काही कमी नव्हतं, आणि तरी ताईंनी सगळ्यांना फोन केले. विचारलं कशाला. "निघालीस का, एवढंच विचारते गं."

१२ जुलै, शनिवार

आढावा बैठक. काकांनी गॅलरीचं पुन्हा काढलं. ठीक आहे, करते.

प्रमाणपत्रं निघाली. तासांवरून दोन मुलांशी वाद, दोन्ही वेळा कागदी यादी बघून मिटले. ताईंची वही यंदाही चालू होती, पण खुणा कमी, समासातल्या टिपा तेवढ्याच. त्या टिपा वहीत राहिल्या तरी चालतील असं आता वाटतं. सगळं पडद्यावर यायची गरज नाही.

पुसायचं : वैद्यकीय नोंदणी क्रमांक सोडून बाकी माहिती ३१ ऑगस्टनंतर जाईल, पुढच्या वर्षी बोलवा म्हणणाऱ्यांचं नाव आणि नंबर राहील. तसा संदेश सगळ्यांना पाठवायचा, ६७ अक्षरांच्या दोन तुकड्यांत बसतो.

पुढे :

"नवीन वर्ष" बटण. यंदाचे टप्पे आणि पाळ्या जशाच्या तशा उचलायच्या, तारखा कोऱ्या. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, आषाढी २५ जुलैला. म्हणजे कॉलेजं सुरू झालेली असतील आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आठवड्याच्या दिवशी मिळणार नाहीत. फोनच्या यादीत निवृत्त मंडळी वर घ्यायला लागतील, क्रम ताईंना बदलता यावा.

त्याआधी गणपती. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. तिथे टप्पा नाही, घाट आणि हौद आहेत. टप्प्याच्या कोष्टकाचं नाव "ठिकाण" करून भागतं का ते बघायचं. घाटांची यादी ताई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देणार आहेत.